रिकामी मारू नको : एअरगन, तिचा इतिहास आणि एक चामड्याचा वायसर

आज इतिहास सांगणार आहे, पण आधी स्वतःचा एक गुन्हा कबूल करतो.

माझं गाव कुरुंदा. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. नाव ऐकलं की वाचणाऱ्या लोकांना नरहर कुरुंदकर आठवतात, आणि आमच्या भागातल्यांना हळद आणि टोकाईचा डोंगर. मला मात्र जत्रेतलं फुग्यांचं पाल आठवतं. लाकडी फळीवर रंगीबेरंगी फुगे आणि पुढे टेबलावर एक जुनी छऱ्याची बंदूक.

मी सातवीत होतो. दुपारी गर्दी नव्हती. फुगेवाले मामा चहाला निघाले आणि मला म्हणाले, "बस इथं जरा. पण रिकामी मारू नको रे पोरा." मामांची पाठ वळली आणि मी नेमकं तेच केलं. नळी मोडायची, चाप ओढायचा, फट्! छर्रा न घालता दहा-पंधरा वेळा तरी. शेवटच्या वेळी आतून 'खट्' असा वेगळाच आवाज आला. संध्याकाळी गर्दी झाली तेव्हा छर्रा फुग्याला लागून नुसता खाली पडत होता. वर्षातला कमाईचा दिवस, आणि मामा बंदूक कानाशी धरून हलवून बघत होते. मी काही बोललो नाही. गुपचूप घरी गेलो.

रिकाम्या बंदुकीने असं काय बिघडतं, हे कळायला मला पुण्याला यावं लागलं. इथे एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार रविवार एअरगन दुरुस्ती शिकलो. पहिल्या दिवशी सरांनी बंदूक उघडूनच समोर ठेवली. आत बारूद नाही, काडतूस नाही. एक जाड स्प्रिंग, एक पिस्टन आणि पिस्टनच्या तोंडाशी वाटीसारखा वायसर. नळी मोडली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते, पिस्टन पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. छर्रा नळीत असला की हवा क्षणभर अडते, आणि तीच हवा पिस्टनला गादीसारखी झेलते. छर्राच नसेल तर गादी नाही. पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. वायसर फाटतो, कधी स्प्रिंग तुटते. म्हणजे तो 'खट्' आवाज माझाच होता.

आता जरा मागे जाऊ. 1780 च्या सुमाराला टायरॉलच्या बार्थोलोमॉस गिरार्दोनी या कारागिराने ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी हवेची रायफल बनवली. दस्त्याच्या जागी हवेची लोखंडी टाकी आणि वीसेक गोळ्या एकामागून एक झाडायची सोय. बाकीचे सैनिक प्रत्येक गोळीनंतर बारूद ठासत बसायचे, तेव्हाची ही गोष्ट. धूरही नाही. मग अशी बंदूक जगावर राज्य करायला हवी होती ना? पण 1815 पर्यंत ती सैन्यातून बाहेर पडली. टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागायचे. चामड्याचे वायसर सुकले की हवा गळायची. चालवायला आणि सांभाळायला खास शिकलेली माणसं लागायची, आणि रणांगणावर ती कुठून आणणार? हत्यार चांगलं होतं, पण देखभालीत हरलं.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतली. 1803 मध्ये मेरिवेदर लुईस एक एअरगन घेऊन पश्चिमेच्या मोहिमेवर निघाला. ती गिरार्दोनीच्याच पद्धतीची होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्याच मुक्कामी बघायला आलेल्या एकाच्या हातून ती सुटली आणि चाळीसेक यार्डांवरच्या एका बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. नशीब, ती वाचली. पुढे जून 1805 मध्ये, शहर-बाजारापासून शेकडो मैल दूर, तिची मुख्य स्प्रिंग बदलायची वेळ आली. ती बदलली जॉन शील्ड्स नावाच्या सोबतच्या लोहाराने. लुईसने त्याची नोंद आपल्या डायरीत केली आहे. मोहिमेत लोहार होता, म्हणून बंदूक चालू राहिली.

पुढे टाकी गेली आणि स्प्रिंग आली. 1888 मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ गावात पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी चक्कीबरोबर शेतकऱ्यांना छऱ्याची बंदूक भेट देऊ लागली. चक्कीपेक्षा लोकांना बंदूकच जास्त आवडली! 1895 मध्ये कंपनीने नावच बदलून 'डेझी' ठेवलं. तिकडे इंग्लंडमध्ये लिंकन जेफ्रीजच्या आराखड्यावर 1905 पासून बीएसए एअर रायफल बनवू लागली. बीएसए म्हटल्यावर तुम्हाला सायकल आठवली ना? बरोबर. त्या नावातलं 'एसए' म्हणजे स्मॉल आर्म्स. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनीच पुढे सायकली बनवल्या.

आणि गंमत बघा. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं, ते 10 मीटर एअर रायफलमध्ये. 2022 मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात विश्वविजेता झाला. आजच्या या रायफलींमध्ये स्प्रिंग नसते, दाबलेल्या हवेची नळकांडी असते. म्हणजे गिरार्दोनीचीच कल्पना, फक्त वायसर सुधारले.

वर्गात तिसऱ्या रविवारी सरांनी चामड्याचा वायसर हातात दिला आणि मी हसायलाच लागलो. हा तर आमच्या स्टोव्हच्या पंपातला! आजी तो खोबरेल तेलात भिजवून ठेवायची. गावात रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करणारा माणूस होता. सायकलच्या पंपाची वाटी बदलणारे होते. म्हणजे बंदूक दुरुस्त करायची निम्मी विद्या कुरुंद्यात आधीपासून होती, फक्त तिला कुणी विद्या म्हणत नव्हतं. गॅस आला, स्टोव्ह गेले आणि ते हातही रिकामे झाले.

बाकीची निम्मी विद्या मात्र यूट्यूब बघून घेऊ नका. बसवलेली स्प्रिंगसुद्धा दाबलेली असते. शिकंजा न लावता उघडली तर तोंडावर येते. आत साधं मशीन ऑइल टाकलं तर हवेच्या दाबाने ते पेटतं आणि वायसर जळतो. नळी नेहमी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. छर्रा शिशाचा असतो, म्हणून काम झाल्यावर हात धुवायचे. कायदाही लक्षात ठेवा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो. आणि पाखरांवर नेम धरायचा नाही. विषय संपला.

मागच्या वर्षी जत्रेला गेलो, तेव्हा खिशात दोन वायसर होते. फुग्यांचं पाल होतं, पण मामा नव्हते. तिथल्या पोराला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. मामा कुठल्या गावचे, त्यांचं नाव काय, हे मी तेव्हाही विचारलं नव्हतं. त्या पोराची बंदूक हवा सोडत होती. छर्रा घालून, मागे भिंत बघून, नळीच्या जोडावर कागदाचा पातळ तुकडा ठेवला आणि चाप ओढला. तुकडा उडाला, म्हणजे तिथूनच गळती. जोडावरचा वायसर बदलला. पाच मिनिटांचं काम. तो पैसे विचारत होता. मी म्हटलं, "राहू दे, जुनी उधारी आहे."

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या गावात स्टोव्ह, पंप, सायकल दुरुस्त करणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि आधी त्यांचं नाव विचारा. भेटू पुढच्या भागात.