थळघाटाच्या वाटेची कुळकथा

इसवी सनपूर्व ३१२ साली आप्पियस क्लॉडियसने रोमहून दक्षिणेकडे काढलेल्या राजमार्गाची फरसबंदी आजही पायाखाली येते. परंतु सोपारा-कल्याणच्या बंदरांतून थळघाट चढून, नाशिकवरून पैठण-तेरकडे उतरणाऱ्या सार्थवाहांच्या वाटेचा पुरावा शोधावयाचा, तर तो जमिनीवर नव्हे, नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांच्या भिंतीवर सापडतो. या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने आपली दाने कोरून ठेवली आहेत. भडोच, दशपूर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा येथे चौसोपी धर्मशाळा. विहिरी, तळी, बागा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दहाणुका या नद्यांवर भाडे न घेता चालणाऱ्या नावा, आणि दोन्ही तीरांवर पाणपोया! रोमकांनी पलटणींसाठी दगड बसविले. येथे तांड्यांसाठी पाणी, निवारा आणि पैलतीर यांची तरतूद झाली, आणि माझ्या मते रस्ता या पदवीला हीही तितकीच पात्र आहे.

हे सारे निव्वळ पुण्यसंचयासाठी झाले, असे मानण्याइतके भाबडे होण्याचे कारण नाही. वाट वाहती राहिली तरच जकात वाढते, हे क्षत्रपांना उमगत असणारच. कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक जलमार्ग-वर्णनाचा कर्ता सांगतो, ते उगाच नव्हे. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे उषवदाताने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले: दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण. भिक्षूंच्या चीवरांचा खर्च या व्याजातून चालावयाचा, तेव्हा मागाला बारमाही गिऱ्हाईक असल्यावाचून असा व्यवहार कोण करील? दात्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नामक यवनानेही याच डोंगरात लेणे कोरविले.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रपांचा उच्छेद केला. १९०६ साली जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला होता. धनी पालटला, चलन आणि बाजार तेच राहिले.

मधली शतके येथे ओलांडतो. १८६५ साली रेल्वे याच घाटाने, सदतिसास एक अशा चढाने, इगतपुरीस पोहोचली, आणि मुंबई-आग्रा रस्ता आजही त्रिरश्मीच्या पायथ्यावरूनच जातो.