पाणी गाळण्याच्या फडक्याची कुळकथा

परभणी जिल्ह्यातील जुन्या घरांतून घागरीच्या तोंडावर जे दुपदरी फडके बांधलेले असे, त्यालाही कुळ आणि इतिहास असू शकतो हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण विरलेल्या धोतराचा किंवा लुगड्याचा तो तुकडा वंशावळ विचारावी अशा थाटाचा नसतो. तथापि एका बाजूने धर्मशास्त्राशी, दुसऱ्या बाजूने नारूसारख्या घोर व्याधीशी आणि तिसऱ्या बाजूने गोड्या पाण्यातील जीवसृष्टीच्या अर्वाचीन शास्त्राशी ज्याचे आप्तसंबंध निघतात, अशी दुसरी वस्तू स्वयंपाकघरात शोधू गेल्यास क्वचितच सापडेल.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पावसाळ्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या काळ्या जमिनीची माती घेऊन वाहू लागल्या म्हणजे गंगाखेडच्या घाटावर भरलेल्या घागरीतील पाणी जे गढूळ दिसे, ते फडक्याने निर्मळ होत नसे. चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते सुती विणीतून निर्वेधपणे पार होतात. त्या गढूळपणावरचा उपाय म्हणजे भांड्याच्या बुडाशी उगाळलेले निवळीचे बी किंवा फिरविलेली तुरटी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याची जी सात साधने सांगितली आहेत, त्यांत निवळी म्हणजे कतक प्रथम येते आणि वस्त्रही येते, हे खरे; परंतु गृहिणीच्या व्यवहारात दोघांची कामे वाटून दिलेली असत. माती खाली बसविण्याचे काम निवळीचे आणि पाण्यातील हालणारे, वळवळणारे, तरंगणारे जे काही असेल ते अडविण्याचे काम फडक्याचे. फडक्याचा अंमल पहिल्यापासून जिवांवर होता.

हा अंमल त्याला धर्माने दिला. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने वस्त्रातून गाळलेलेच पाणी प्यावे, अशी आज्ञा आहे. परंतु जी गोष्ट मनूने यतीपुरती सांगितली, ती जैनांनी गृहस्थाच्या नित्याचारात आणली आणि तिला इतके बारीक नियम जोडले की एखाद्या दक्ष मामलेदाराने कायदा लिहावा. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर दिगंबर जैनांचे जे प्राचीन गुहामंदिर आहे, त्याच्या छायेत वाढलेल्या कुटुंबांना हे नियम मुखोद्गत असत. छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद असे दाट विणीचे वस्त्र घ्यावे, ते दुहेरी करून त्यातून पाणी गाळावे, आणि गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे उलटून गेल्यास पुनश्च गाळून घ्यावे. जैन शास्त्राच्या मते पाणी हेच ज्यांचे शरीर, असे अप्कायिक जीव वस्त्राने अडत नाहीत. त्यासाठी पाणी तापवून प्रासुक, म्हणजे निर्जीव, करण्याचा मार्ग निराळा आहे. वस्त्र अडविते ते त्रसजीव, अर्थात स्वतः हालचाल करू शकणारे.

परंतु या विधीचा मर्मभाग गाळण्यानंतर येतो. वस्त्रावर जे जीव राहिले त्यांना जिवाणी म्हणतात, आणि वस्त्र उलटे करून, गाळलेल्याच पाण्याने ते धुऊन, ती जिवाणी ज्या विहिरीतून पाणी आणले त्याच विहिरीत परत पोहोचविणे हे गाळणाऱ्याचे कर्तव्य असते. एका विहिरीची जिवाणी दुसरीत टाकणे निषिद्ध. वरून फेकणेही निषिद्ध, तर भांडे दोरीने पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत हलकेच सोडून तेथे उलटे करावयाचे. या नियमांमागील हेतू अहिंसेचा आहे, निसर्गशास्त्राचा नाही, हे मान्य करूनही असे म्हणावयास हरकत नाही की प्रत्येक जलाशयाला स्वतःचे रहिवासी असतात आणि एका ठिकाणचा जीव दुसऱ्या ठिकाणी जगेलच असे नाही, हे तत्त्व येथे आचाररूपाने कित्येक शतके पाळले गेले. आज परकी मासळी तळ्यांतून सोडून मूळच्या जातींचा नाश करणाऱ्यांना एवढी दृष्टी असती तरी पुष्कळ झाले असते.

या जिल्ह्यातले पाणी, नदीकाठची गावे वगळता, आडाचे किंवा बारवेचे. आड म्हणजे काठाशी उभे राहून पोहऱ्याने शेंदावयाची अरुंद विहीर. बारव म्हणजे थेट पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरण्याची दगडी बांधणीची विहीर. पिंगळी, चारठाणा आणि सेलू तालुक्यातील वालूर येथील बारवा शिल्पदृष्ट्या प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतही वालूरची बारव तिच्या चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांमुळे अपूर्व मानली जाते. परंतु ज्या पायऱ्यांनी बारवेला सौंदर्य दिले त्याच पायऱ्यांनी एक अनर्थही घडविला; कारण पायऱ्या असल्या म्हणजे मनुष्य पाण्यापाशी जातो एवढेच नव्हे, तर त्यात पाय बुडवितो.

नारू ज्यांनी पाहिला आहे अशी पिढी आता मावळत चालली आहे. पायाला फोड येई, त्याची अंगार लागल्यासारखी आग होई, आणि फोड फुटला की त्यातून दोऱ्यासारखा पांढरा कृमी डोकावू लागे. हा कृमी कधी हातभर तर कधी त्याहूनही लांब असे. तो तुटू न देता काडीवर रोज थोडथोडा गुंडाळीत बाहेर काढावयाचा, आणि तोवर ऐन सुगीतही खाटेवर पडून राहावयाचे, असा या व्याधीचा शिरस्ता होता. आग शमविण्यासाठी रोगी बारवेच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी आणि त्याच क्षणी मादी कृमी लक्षावधी अळ्या पाण्यात सोडून देई. पुढचे कार्य सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा, एकच डोळा असलेला कवचधारी जलचर करी. तो त्या अळ्या खाई, सुमारे दोन आठवड्यांत त्या त्याच्या देहात पक्व होत, आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर तो पोटात गेला की वर्षभराने दुसऱ्या कोणाच्या तरी पायाला फोड येई.

अळ्यांचा सायक्लॉप्सच्या शरीरात होणारा हा प्रवेश अलेक्सेई फेदचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानच्या प्रांतात प्रथम पाहिला. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत डॉ. तुरखुड यांनी याच रोगाचा पाठपुरावा केला. इंग्रजी इलाख्यातील प्रयोगशाळेत सिद्ध होणारे हे ज्ञान मोगलाईतील, म्हणजे निजामाच्या राज्यातील, खेड्यात पोहोचावयास किती अवधी लागला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. फडके मात्र तेथे आधीपासून होते. सायक्लॉप्सचे आकारमान असे की दाट विणीच्या दुपदरी सुती कापडातून तो सहसा निसटत नाही. म्हणून जी गृहिणी जीव वाचविण्याच्या बुद्धीने पाणी गाळीत होती, ती नकळत आपल्या मुलाबाळांचे पाय वाचवीत होती.

येथे एक चिकित्सक शंका उपस्थित होते. जिवाणी परत विहिरीत सोडली म्हणजे तिच्यातील दूषित सायक्लॉप्सही जिवंत परतणार. मग या आचाराने रोग पोसला नाही काय? माझ्या मते हा आरोप टिकत नाही. परतविलेला सायक्लॉप्स विहिरीतलाच असतो. विहिरीतील विषात त्याने भर पडत नाही. भर पडते ती पाण्यात बुडविलेल्या पायाने, आणि त्या पायाला अटकाव करणे फडक्याच्या अधिकाराबाहेरचे होते.

सरकारने तो अधिकार १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमाद्वारे आपल्या हाती घेतला. त्या वेळी देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण होते आणि प्रादुर्भाव असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. बारवांच्या पायऱ्या बंद करून त्यांच्या शेंदण्याच्या विहिरी करणे, हातपंप बसविणे, पाण्यात टेमिफॉस टाकून सायक्लॉप्स मारणे आणि घरोघरी दुपदरी कापडाने पाणी गाळण्यास शिकविणे, असा तो चतुर्विध उपक्रम होता. अहिंसेसाठी जन्मलेले फडके अशा रीतीने निर्मूलनाच्या मोहिमेत दाखल झाले. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

फडक्याची तिसरी शाखा परदेशात वाढली. जॉन व्हॉन टॉमसन या आयर्लंडमध्ये राहणाऱ्या शल्यवैद्याने मलमलीची पिशवी कड्याला बांधून समुद्रातून ओढली आणि खेकड्यांची पिले पकडली. तरुण डार्विननेही १८३२ च्या जानेवारीत बीगल जहाजाच्या मागे अशीच पिशवी सोडली होती. पी. ई. म्युलर या डॅनिश संशोधकाने १८७० च्या सुमारास, म्हणजे फेदचेन्को सायक्लॉप्स न्याहाळीत होता त्याच काळात, हे जाळे स्वित्झर्लंडच्या सरोवरांत फिरविले, आणि गोड्या पाण्याच्या मध्यभागीही सूक्ष्म प्राण्यांची वस्ती असते हे लोकांच्या ध्यानात आले. व्हिक्टर हेन्सेनने १८८७ मध्ये या तरंगत्या सृष्टीला प्लवक, अर्थात प्लँक्टन, हे नाव दिले. त्याच्या जाळ्याचे कापड पिठाच्या गिरणीत मैदा चाळण्यासाठी विणलेले रेशीम होते, कारण त्याच्याइतकी समान छिद्रे अन्य कोणत्याही कापडात मिळत नसत. पुढे फोरेल याने जिनिव्हाच्या सरोवरावर तीन खंड लिहून सरोवरविज्ञानाचा पाया घातला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पूर्णेवरील येलदरीसारख्या जलाशयांतून पाण्याचे नमुने गोळा करू लागले, तेव्हा त्यांच्या हातात हेच जाळे, आता नायलॉनचे, होते.

या दुरावलेल्या शाखांची भेट बांगलादेशात झाली. पटकीचे जंतू प्लवकांना चिकटून राहतात, हे ध्यानात घेऊन रीटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील खेड्यांतून स्त्रियांना जुन्या साडीच्या चार ते आठ पदरांतून पाणी गाळावयास सांगितले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. नव्या साडीपेक्षा वारंवार धुतलेली जुनी साडी अधिक गुणकारी ठरली, कारण तिचे तंतू फुलून छिद्रे आणखी बारीक होतात. विरलेले लुगडेच फडक्यासाठी का ठेवतात याचे उत्तर आमच्या आजींनी काटकसर असे दिले असते, आणि तेही खोटे नव्हते.

आज जिल्ह्यातील बहुतेक गावे नळाचे किंवा विंधनविहिरीचे पाणी पितात. खोल भूजलात सायक्लॉप्स सहसा नसतो. असलेच तर फ्लोराइड आणि क्षार असतात, आणि विरघळलेल्या पदार्थांपुढे फडके सर्वथा निरुपयोगी आहे. उलट बारवांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. वालूरच्या गावकऱ्यांनी आपली बारव झाडून स्वच्छ केली, ही गोष्ट स्तुत्य होय. अशा कामात स्थापत्याचे अभ्यासक येतात, पायऱ्या आणि देवकोष्ठे मोजतात, नकाशे काढतात. त्यांच्या जोडीला गावोगावच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनीही आपले विद्यार्थी आणि एक जाळे घेऊन जावे, आणि ब्लीचिंग पावडर पडण्यापूर्वी कोणत्या बारवेत कोणते जीव आहेत याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात करून ठेवावी, अशी विनंती आहे.