जाळं कापलं, पुढे काय?

मागच्या बैठकीत आपल्या एका ताईंनी जाळ्यासाठी कर्ज मागितलं. जाळं तर गेल्याच वर्षी घेतलेलं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गादा अडकला होता. यांनी जाळं कापून सोडला त्याला." गादा म्हणजे डॉल्फिन. सगळ्या जणी गप्प झाल्या. त्यांनी चांगलं केलं हे सगळ्यांना पटत होतं, पण हप्त्याचं काय?

डॉल्फिन आणि देवमासा हे मासे नव्हेत. ते पिल्लाला दूध पाजतात आणि श्वास घ्यायला पाण्यावर येतात. जाळ्यात अडकून खाली राहिले की गुदमरतात, म्हणून सोडवायला वेळ फार थोडा असतो.

त्यांना मारलं कुणी, हेही ऐका. 1966 साली रशियाची, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाची, शिकारी जहाजं आपल्याच अरबी समुद्रात आली आणि 240 च्या आसपास कुबड्या देवमासे मारून गेली. नियम मोडून मारले आणि आकडे लपवले. खरं बाहेर आलं ते 1990 नंतर. मधल्या काळात, 1979 मध्ये, हिंदी महासागर देवमाशांसाठी राखीव झाला आणि 1986 पासून व्यापारी शिकारीला जगभर बंदी आली. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहेच.

पण कायदा होडीत बसत नाही. होडीत बसतो तो नाखवा. त्यात आपल्या भागाचं वेगळंच. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, 1989 मध्ये बंदर सुरू झालं, मोठ्या जहाजांची ये-जा वाढली, मासेमारीची जागा आकसली. ज्यांचा दर्या आधीच कमी झाला त्यांनीच आपलं जाळं कापायचं, हे मला तरी सोपं वाटत नाही.

तरी माणसं धावली. जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटी देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी त्याला पाण्यात ढकलायची खटपट केली, पण तो वाचला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी, पोलीस, वनखातं, तटरक्षक दल सगळे लागले. जवळजवळ 40 तासांनी ते खोल पाण्यात गेलं. तेही पुढे जगलं नाही, पण तेवढे तास कुणी त्याला सोडून घरी गेलं नाही.

जाळ्याचा प्रश्न सरकारने डिसेंबर 2018 मध्ये हाती घेतला. डॉल्फिन, कासव असा संरक्षित जीव सोडवताना जाळं फाटलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय खातं आणि कांदळवन कक्ष यांची ही योजना. सोडवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ मात्र लागतात. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या या सगळ्या इतिहासात ही गोष्ट मोठी, कारण पहिल्यांदाच कुणीतरी घरच्या नुकसानीचा हिशोब धरला.

जाता जाता एक. देवमाशाची उलटी लाखोंना जाते म्हणून कुणी घ्यायला-विकायला सांगेल, तर हात लावू नका. तो गुन्हा आहे, कोकणात लोक पकडले गेलेत. आणि किनाऱ्याला जिवंत डॉल्फिन दिसला तर शेपटी धरून ओढू नका. अंगावर ओलं फडकं टाका, डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवा आणि वनखात्याच्या 1926 नंबरवर फोन करा.

तर आपल्या ताई. त्यांच्या यांचे दोन्ही हात जाळ्यात होते, फोन घरी चार्जिंगला. फोटो नाही, म्हणून भरपाईही नाही. गटाने कर्ज दिलं, पहिले दोन महिने हप्ता नको असं ठरलं. आता त्यांचा मुलगा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून होडीवर नेतो.