संघ न्यायालय : उसने दालन आणि न्यायविचाराचा वारसा

प्रस्तावना

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास बहुधा २६ जानेवारी १९५० पासून सांगितला जातो. तत्पूर्वी बारा वर्षे दिल्लीत कार्यरत असलेल्या फेडरल कोर्टाचा, म्हणजेच संघ न्यायालयाचा, उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपतो. देशातील या वरिष्ठतम न्यायालयावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार चाले आणि त्याला स्वतःची वास्तूही नव्हती. तरीही त्याने मागे काय ठेवले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थापना आणि वास्तू

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९३७ रोजी हे न्यायालय सुरू झाले. सर मॉरिस ग्वायर हे सरन्यायाधीश, तर सर शाह मुहम्मद सुलेमान आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे न्यायाधीश होते. संसद भवनात संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी बांधलेल्या दालनात त्याचे कामकाज चाले. संस्थाने सामील न झाल्याने नियोजित संघराज्य प्रत्यक्षात आलेच नाही. त्या संघराज्यासाठी निर्मिलेले न्यायालय मात्र संस्थानिकांच्याच दालनात न्यायदान करीत राहिले.

कार्य आणि मर्यादा

केंद्र व प्रांत यांमधील अधिकारविभागणीचा अर्थ लावणे हे त्याचे मुख्य काम होते. १९३८ मध्ये सल्ल्यासाठी आलेल्या पहिल्याच प्रकरणात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पेट्रोलविक्रीवरील कराचा प्रश्न होता. असा कर बसविण्याचा प्रांताचा अधिकार न्यायालयाने मान्य केला.

खरी कसोटी लागली ती युद्धकाळात. मुंबई प्रांतातील केशव तळपदे यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात, एप्रिल १९४३ मध्ये, भारत संरक्षण नियमांपैकी २६ वा नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा असल्याचा निर्णय न्यायालयाने दिला. सरकारने काही दिवसांतच अध्यादेश काढून ती त्रुटी पूर्वलक्षी प्रभावाने भरून काढली आणि १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा निर्णयच चुकीचा ठरविला.

राजद्रोहाबाबतही असेच घडले. निहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात (१९४२) न्यायालयाने सार्वजनिक अव्यवस्था किंवा तिची वाजवी शक्यता हे या गुन्ह्याचे सार मानले. केवळ कठोर शब्द पुरेसे नव्हेत. सदाशिव नारायण भालेराव खटल्यात (१९४७) प्रिव्ही कौन्सिलने हे मत अमान्य करून लोकमान्य टिळकांच्या १८९७ च्या खटल्यातील कठोर अन्वयार्थ उचलून धरला.

उत्तराधिकार

१० ऑक्टोबर १९४९ रोजी प्रिव्ही कौन्सिलचा भारतावरील अपिलीय अधिकार संपुष्टात आला. २८ जानेवारी १९५० रोजी त्याच दालनात सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. सरन्यायाधीश हरिलाल कानिया हेही संघ न्यायालयाकडूनच आले. गणेश भिकाजी देवळालीकर यांनी आराखडा केलेल्या स्वतंत्र इमारतीत न्यायालय १९५८ मध्ये गेले. पुढे केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाविषयी संघ न्यायालयाची भूमिका स्वीकारली. लंडनमध्ये फेटाळला गेलेला विचार अशा रीतीने स्वतंत्र भारतात प्रमाण ठरला.

निष्कर्ष

संघ न्यायालय नागरिकाला नेहमीच संरक्षण देऊ शकले नाही, हे तळपदे प्रकरणावरून स्पष्ट होते. परंतु शासनाच्या आदेशालाही कायद्याची मर्यादा असते, हे त्याने परकीय सत्तेच्या काळात, तिच्याच राजधानीत सांगितले. एखाद्या न्यायालयाचे मोल केवळ त्याच्या वास्तूवरून वा अंतिम अधिकारावरून ठरत नाही. पराभूत झालेल्या त्याच्या युक्तिवादाला पुढच्या पिढीने काय स्थान दिले, हेही पाहावे लागते. त्या दृष्टीने संघ न्यायालयाच्या निर्णयांचे स्वतंत्र अध्ययन होणे अगत्याचे आहे.