आंबट कवचाचा मागोवा

जपानी रंगारी नीळ आंबवत ती लाकडाच्या राखेच्या पाण्यात. त्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी. साध्या पाण्याचा सात, आणि सामूचा एक अंक वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी होतात. तरीही पिंपात जिवाणू सुखाने नांदत आणि न विरघळणाऱ्या निळीला कापडात मुरण्याजोगी करत. रंगाऱ्यांचं काम भागत होतं. पिंपात नेमकं कोण राबतंय याची चौकशी करायचं त्यांना कारण नव्हतं.

शास्त्रज्ञांना मात्र होतं, तरी त्यांनीही फारशी केली नाही. १९३४ मध्ये वेडर यांनी 'बॅसिलस अल्कॅलोफिलस' या अल्कधर्मी माध्यमात वाढणाऱ्या जिवाणूचं वर्णन केलं आणि पुढची तीसेक वर्षं विषय जवळजवळ तिथेच राहिला. प्रयोगशाळेतलं खाद्यमाध्यम सातच्या आसपास ठेवायचं, ही वहिवाटच होती. जे त्यात वाढत नाही ते दिसणार कसं?

वहिवाट मोडली जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कोकी होरिकोशी यांनी. १९६८ साली फ्लॉरेन्समधल्या जुन्या इमारती पाहताना, जपानहून इतकी निराळी संस्कृती असू शकते तर सूक्ष्मजीवांचंही निराळं जग का नसावं, असा विचार त्यांच्या मनात आला, असं ते सांगत. शास्त्रज्ञांच्या अशा साक्षात्कारकथा मी जरा सावधपणेच ऐकतो, पण पुढचा प्रयोग अगदी साधा होता. माध्यमात एक टक्का सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, घातला. तीसेक चंबूंमध्ये थोडी थोडी माती टाकली आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवली. सकाळी सगळ्या चंबूंत जिवाणू माजले होते. सोड्याच्या सरोवरांत ते असावेत यात नवल नाही. आपल्या लोणारच्या पाण्यातून 'इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस' २०१० मध्ये नोंदला गेलाच. पण इथे ते चक्क साध्या मातीत होते!

मग सगळ्यांच्या नजरा या जिवाणूंच्या विकरांकडे गेल्या, कारण त्यांत पैसा होता. साबणाच्या पाण्यात टिकणारं विकर धुण्याच्या पावडरीला हवंच होतं. १९८७ मध्ये जपानच्या काओ कंपनीने 'अटॅक' पावडरीत असं एक विकर, सेल्युलेज, घातलं. जिवाणू स्वतः कसा तगतो, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला.

तो प्रश्न खरा अवघड आहे. बाहेर सामू १०.५ असताना 'बॅसिलस स्यूडोफर्मस ओएफ४' या अशाच एका जिवाणूच्या पेशीत तो साधारण ८.३ असतो, म्हणजे आत हायड्रोजन आयन दीडशेपटींहून अधिक. ते बाहेर निसटू द्यायचे नाहीत, उलट आत ओढायचे. त्यासाठी पेशीपटलातले पंप सोडियम बाहेर फेकून हायड्रोजन आत घेतात. पण बाहेरची पेशीभित्तिका सोलून काढलेली पेशी अशा पाण्यात टिकत नाही. म्हणजे पंप पुरेसे नाहीत, कातडीही लागते.

होरिकोशी आणि आओनो यांनी ती कातडी तपासली. 'सी-१२५' या दुसऱ्या एका बॅसिलस वाणाच्या भित्तिकेत ग्लुटॅमिक आणि ग्लुक्युरॉनिक आम्लांच्या लांब साखळ्या निघाल्या. आम्ल म्हणजे इथे ऋण प्रभार. तो सोडियम आणि हायड्रोजन आयनांना जवळ धरतो, हायड्रॉक्साइडला दूर लोटतो. या साखळ्या नीट न बनवणारे उत्परिवर्ती वाण अल्कधर्मी माध्यमात रखडत वाढले.

ओएफ४मध्ये हेच काम एक प्रथिन करतं. न्यूयॉर्कच्या टेरी क्रुलविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'एसएलपीए' ओळखलं. पेशीवर फरशीसारख्या बसलेल्या प्रथिनांच्या थरातलं हे आम्लधर्मी प्रथिन. त्याचं जनुक काढून टाकलं तर सामू ११ला वाढ खुंटते, सोडियम कमी असेल तर अधिकच. पण ७.५ला असा कवचहीन जिवाणू मूळ वाणापेक्षा चांगला वाढतो! म्हणजे सौम्य पाण्यात हे कवच नुसतं ओझं आहे. तरीही मूळ वाण दोन्हीकडे ते बनवतो. पाणी कधी पालटेल याचा नेम नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्याला ते रोजचं ओझं परवडत असावं. पालट झाल्यावर कवच विणायला घेतलं, तर ते पुरं होईपर्यंत पेशी तगेलच असं नाही.