तेरच्या हस्तिदंती बाहुलीची कुळकथा

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरातील एका घरात १९३८ साली अमेदेओ मैउरी या इटालियन संशोधकाला वीतभराहून किंचित उंच अशी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तेव्हा ती भारतातून गेलेली आहे हे उघडच होते. परंतु भारताच्या कोणत्या मुलखातून, हा विद्वानांत दीर्घकाळ वादाचा विषय होऊन राहिला. हातभर चढवलेली कंकणे, पायांतले जड वाळे, कटीवरील मेखला आणि दोन्ही अंगांस प्रसाधनाची पात्रे घेऊन उभ्या असलेल्या दोन चिमुकल्या दासी, असा तिचा थाट. मस्तकातून खाली उतरलेले छिद्र पाहून कोणी तिला आरशाची मूठ मानले, तर कोणी आसनाचा पाय. प्रथम ती लक्ष्मी ठरली, मग यक्षी. आणि तिचे माहेर आरंभी मथुरेकडे शोधले गेले.

या कुळाची दुसरी शाखा मात्र धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, संत गोरोबाकाकांच्या तेर गावी निघाली. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने ‘पेरिप्लस’ या आपल्या वृत्तांतात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे नमूद केले असून, तेथील जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून बिकट वाटांनी भडोच बंदरात उतरवली जाई, असेही सांगितले आहे. पुढे कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवले, तरी नगराचा ठावठिकाणा लोक विसरले; निजामाच्या अमलातील हा कसबाच ते तगर होय, हे जॉन फेथफुल फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडले.

परंतु ग्रंथांतले नगर हाती लागले ते पांढरीतून. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात, आणि धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी तिची माती पिढ्यान्‌पिढ्या उकरली गेली. पाऊस पडून गेला की त्याच मातीतून मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या शाडूच्या सुबक मृण्मूर्ती उघड्या पडत. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू आयुष्यभर आस्थेने गोळा केल्या, आणि आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. पदवी नसलेल्या एका खेडवळ गृहस्थाचे हे ऋण आपल्या पुरातत्त्वविद्येने मोकळ्या मनाने मानले पाहिजे, असे मला वाटते.

तेरची हस्तिदंती बाहुली या संग्रहालयाचे भूषण होय. १९६० साली मोतीचंद्रांनी तिच्यावर लेख लिहिला, त्याच वर्षी डग्लस बॅरेट यांचे तेरवरील पुस्तकही निघाले, आणि पाँपेईच्या मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या नजरेत भरले. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी मराठवाड्यातल्याच भोकरदन येथे केलेल्या उत्खननात एक खंडित हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिची घडण तर पाँपेईशी अधिकच जुळली. तेव्हापासून मथुरेचा दावा ढिला पडून दख्खनचा दावा बळावला.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो लहान नाही. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी वायव्येची, तेव्हा दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहनांच्या मुलखातली नव्हे. अक्षर वाटेतल्या एखाद्या कारागिराची जुळणीची खूण असू शकेल, म्हणून एका अक्षरापेक्षा घडणीची साक्ष मला वजनदार वाटते; पण साक्ष म्हणजे निवाडा नव्हे. तो हवा असेल तर तेरच्या उरलेल्या पांढरीत, थर न विस्कटता, हस्तिदंताचे काम करणाऱ्याची जागा शोधावी लागेल: त्याची हत्यारे, भुसा, आणि अर्धवट कोरून टाकून दिलेला एखादा तुकडा.