नाकापाशीची हवा

वैद्याने रोग्यास काय विचारावे? हिप्पोक्रेटिसने सांगितलेल्या प्रश्नांत इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली, कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात, एकाची भर घातली: तुझा धंदा कोणता? मोदेना शहरात शौचकूप उपसणाऱ्यांचे डोळे कसे बिघडतात, हे त्याने स्वतः पाहिले होते.

धंदा कळला; पण अंगात विष किती गेले, हे कसे कळावे? पुढे कारखान्यांतील हवा मोजली जाऊ लागली, तीही बहुधा यंत्र एके जागी ठेवून. कामगार मात्र हिंडतो, वाकतो, कामाच्या ओघात स्वतःच धूळ उडवतो. १९६० साली इंग्लंडात शेरवूड आणि ग्रीनहॉल्घ यांनी अंगावर वागवण्याजोग्या लहान पंपाची माहिती प्रसिद्ध केली. आता कामगाराच्या नाकापाशीचीच हवा तपासता येऊ लागली. त्या प्रश्नापासून या पंपापर्यंत २६० वर्षे लोटली. तेवढ्या काळात कितीजणांच्या छातीत काय साचले, त्याचा पुरता हिशेब कोठेच नाही.